शांतिसेनेतून परतलेले वडील आणि त्यांची मुले: आपले अनुभव सांगाल का?

वसनाकाठ

नमस्कार. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि १९८७ च्या ऑक्टोबरात ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते आणि धाकटा भाऊ आईच्या कडेवर होता. आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आजी-आजोबांजवळ राहत होतो. आण्णा आता सत्तरीत आहेत, त्यांची स्मरणशक्ती गेल्या काही काळापासून क्षीण होत चालली आहे आणि माझा भाचा बारावीनंतर अग्निवीर भरतीची तयारी करतो आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असल्यामुळे, त्या युद्धाने आमच्या घराचे नेमके काय केले, हे मला समजून घ्यावेसे वाटते.

ते गेले तेव्हा घरी फोन नव्हता. पत्रांवर ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता असे आणि त्यावरून माणूस जम्मूत आहे की जाफन्यात, हे कोणालाच कळत नसे. आतला मजकूरही ठरलेला असे: मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, बैलांना जपावे, पोरांना शाळेत धाडावे. आजोबा आकाशवाणीच्या बातम्या ऐकत आणि जाफना हे श्रीलंकेतले नाव आले की रेडिओचा आवाज कमी करत, कारण आई स्वयंपाकघरात असे.

परत आलेल्या आण्णांनी घरात काही नियम लावले आणि त्यांची कारणे कधी सांगितली नाहीत. वाटेवर पडलेली कोणतीही वस्तू उचलायची नाही. बांधावरून चालताना एकमेकांच्या अगदी मागोमाग चालायचे नाही, मध्ये अंतर ठेवायचे. त्यांच्या पाठीमागून येऊन हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचे. भाऊ आठ वर्षांचा असताना त्याने ओढ्याच्या कडेला सापडलेला एक पत्र्याचा डबा खेळायला घरी आणला. आण्णांनी तो त्याच्या हातातून हिसकावून लांब शेतात फेकला आणि त्याला इतके मारले की शेजारचे लोक सोडवायला धावले. त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी कामापुरतेच बोलतो, आणि आता तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे.

मोठेपणी मी वाचत गेले तेव्हा त्या नियमांची कारणे एकेक करून सापडली. जाफन्याच्या रस्त्यांमध्ये सुरुंग पेरलेले असत, रिकाम्या घरांतल्या साध्या वस्तूंना स्फोटके जोडलेली असत, ताडांच्या बनांतून नेम धरून गोळी येई आणि तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीई या संघटनेच्या, फौजेत चौदा-पंधरा वर्षांची मुले-मुलीही बंदुका घेऊन उभी असत. तिथून आलेल्या माणसाला स्वतःचे लेकरू एकदम पाठीशी आले म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार मी लहानपणी करू शकत नव्हते. आई करू शकत होती की नाही, ठाऊक नाही. ती आम्हाला एवढेच सांगे की, ते सांगतात तसे वागा.

आणखी एक गोष्ट मला सलते. आमच्या गावात १५ ऑगस्टला १९७१ च्या जवानांना व्यासपीठावर बसवत. श्रीलंकेहून आलेल्यांना लोक विचारत, ‘तिकडं आपलं काय काम होतं?’ ज्या तमिळांच्या रक्षणासाठी म्हणून फौज पाठवली, त्यांच्यातल्याच संघटनेशी तिला लढावे लागले. अकराशेहून अधिक जवान तिथे कामी आले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ज्या युद्धाबद्दल देशालाच बोलायचे नव्हते, त्याबद्दल आण्णांनी ओसरीवर बसून काय बोलावे?

माझे प्रश्न असे आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे घडले आहे का, आणि आपण त्यातून कसे गेलात? आण्णांना आता या वयात त्याबद्दल विचारणे योग्य होईल का? आणि भरतीला निघालेल्या भाच्याला आजोबांविषयी काय सांगावे?

---

शिरोळकर

ताई, माझे वडील १९७१ च्या युद्धातले, आणि वरवर पाहता त्यांच्या वाट्याला आलेले सगळे आपल्या वडिलांच्या अगदी उलट होते. ते पहिल्या मराठ्यात, म्हणजे जंगी पलटणीत होते आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरला लढले. जमालपूर हा त्या पलटणीचा युद्धसन्मान आहे. आमच्या शिरोळ तालुक्यात फौजेची परंपरा मोठी असल्यामुळे वडिलांना बोलायला माणसे आणि ऐकायला कान कधी कमी पडले नाहीत.

त्यांची एक गोष्ट आम्हा सर्व भावंडांना तोंडपाठ होती. आपल्या फौजेचे ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना, शरण येण्याविषयी पत्र पाठवले. ते एक वयस्क बंगाली माणूस सायकलवरून घेऊन गेला आणि उत्तराच्या पत्रात गुंडाळलेली बंदुकीची गोळी घेऊन परत आला. गणपतीत, लग्नात, पाहुणे आले की ही गोष्ट व्हायचीच. वडील ती फार रंगवून सांगत आणि गोळीपर्यंत आले की थेट १६ डिसेंबरच्या ढाक्यातील शरणागतीवर जात. मधे काही घडले असेल, असे आम्हाला कधी वाटलेच नाही.

मधे १० डिसेंबरची रात्र होती. जमालपूरची शिबंदी वेढा फोडून ढाक्याकडे निघाली आणि अंधारात मराठ्यांच्या मोर्चांवरच येऊन पडली. दोनशेहून अधिक माणसे त्या रात्री तिथे मेली. वडिलांनी मला हे त्यांच्या अखेरच्या आजारपणात सांगितले, तेही मी विचारले म्हणून नव्हे. गोळीबार थांबल्यावर उजाडेपर्यंत समोरच्या अंधारातून कोणीतरी पाणी मागत होते. ती भाषा कळत होती. खंदक सोडायचा नाही असा हुकूम होता आणि तो हुकूम योग्यच होता, हेही त्यांनी मला सांगितले.

आमच्या घरात कोणी पाणी मागितले की वडील हातातले काम टाकून स्वतः उठत. सुनेने मागितले तरी उठत, आणि आम्हाला त्याचे फार कौतुक वाटे. आपण ज्या नियमांविषयी लिहिले आहे ते वाचताना मला हे आठवले. युद्धातून घरात येणारी प्रत्येक सवय मारझोडीचीच असते असे नाही. काही सवयी मायेच्या रूपातही येतात आणि मुले त्या माया म्हणूनच घेतात. मूळ माहीत झाल्यावर ती माया मला कमी झाल्यासारखी वाटली नाही.

मात्र गौरवाचाही मुलांवर भार पडतो, हे मला आवर्जून सांगायचे आहे. गोष्टीतले वडील कधी घाबरलेले नव्हते, त्यामुळे माझी भीती मी त्यांना कधी सांगितली नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत मी नापास झालो तेव्हा त्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही, तरी पुढची अनेक वर्षे मी त्यांच्यासमोर मान खाली घालूनच बसत असे. ती रात्र त्यांनी मला विशीत सांगितली असती, तर आमचे नाते वेगळे झाले असते असे मला मनापासून वाटते. म्हणून माझे मत असे की आपण आण्णांना विचारावे, आणि लवकर विचारावे. भाच्यालाही भरतीपूर्वी सर्व सांगावे. जाऊ नकोस असे म्हणण्यासाठी नव्हे, तर जाणाऱ्याला पूर्ण माहिती असावी म्हणून.

---

समुपदेशक पुणे

मी मानसोपचार विभागात समुपदेशनाचे काम करते आणि माजी सैनिकांची कुटुंबे माझ्याकडे येत असतात. शिरोळकरांनी लिहिलेले मोलाचे आहे, पण ‘लवकर विचारावे’ या सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. त्याचे कारण सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी देते.

लढाईने माणसाच्या मनावर होणारा आघात डॉक्टरांना पहिल्या महायुद्धापासून दिसत होता. तरीही आघातानंतरचा तणावविकार हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० सालीच आले, आणि तेही मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८५ मध्ये, रोझेनहेक आणि नेथन यांनी अशा एका सैनिकाच्या मुलाविषयी लिहिले, ज्याच्यात वडिलांसारखीच लक्षणे दिसत होती. स्वतः मुलाने मात्र युद्ध पाहिलेले नव्हते. याला त्यांनी दुय्यम आघात म्हटले. इस्राएलमध्येही सैनिकांच्या पत्नी आणि मुलांवर या दिशेने बरेच काम झाले आहे.

या सर्व अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. वडील युद्धावर गेले होते, एवढ्यानेच मुलांचे नुकसान होत नाही. बहुसंख्य सैनिक परत येऊन चांगले संसार करतात आणि त्यांची मुले चांगली वाढतात. मुलांशी असलेले नाते सर्वाधिक बिघडते ते भावना बधिर होण्यामुळे. संताप आणि दचकणे लोकांच्या नजरेत भरते, पण सैनिकाने स्वतःला वाचवण्यासाठी भीती आणि दुःख बंद केले की त्याबरोबर कौतुक, लाड, हसणे हेही बंद होते. त्यांतले एक बंद करून दुसरे चालू ठेवणे माणसाच्या हाती नसते. मुलाला ही यंत्रणा ठाऊक नसते. त्याला एवढेच दिसते की बक्षीस मिळाले तरी वडिलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि मग दोष आपल्यातच आहे अशी त्याची समजूत होते. कारण न सांगितलेले नियमही असेच काम करतात. जग धोक्याचे आहे हे मूल शिकते, पण धोका कशाचा आहे हे शिकत नाही, आणि म्हणून मोठेपणी ते सर्वत्रच धोका पाहते. आपल्या भावाशी बोलण्याची संधी मिळाली तर, त्याच्या मुलांनी काही बाहेरून आणले की तो काय करतो, हे हळुवारपणे विचारून पाहा.

काही वाचकांना, हे रक्तातूनच पुढे जाते का, असा प्रश्न पडला असेल. अमेरिकन यादवी युद्धात अत्यंत हालात राहिलेल्या युद्धकैद्यांचे मुलगे इतर सैनिकांच्या मुलग्यांपेक्षा कमी जगले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. मुलींमध्ये हा फरक आढळला नाही. अशा निष्कर्षांचे जैविक स्पष्टीकरण अजून वादात आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी सांगते की आपल्या हातात जे आहे ते म्हणजे वागणे आणि बोलणे, आणि त्यात कोणत्याही वयात फरक पडतो.

आता आण्णांविषयी. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या टिकतात. पण त्या जुन्या आठवणींवरची काळाची खूण पुसट होऊ शकते. जाफना जवळपास चार दशकांपूर्वी होते हे त्या क्षणी मनाला कळत नाही. ते आत्ता घडते आहे असे वाटते. अशा अवस्थेत ‘तिथे काय झाले ते सांगा’ असा थेट प्रश्न विचारणे मला धोक्याचे वाटते. त्याऐवजी माणसांविषयी आणि साध्या गोष्टींविषयी बोलावे: बरोबर कोण होते, जेवायला काय मिळे, जहाजातून गेलात की विमानातून, पाऊस कसा असे. ते स्वतःहून पुढे गेले तर शांतपणे ऐकावे, थांबले तर थांबू द्यावे. रात्री घाबरून उठले तर वाद घालू नये. समोरून यावे, नाव घेऊन हाक मारावी, आपण गावी आहोत आणि दार बंद आहे असे सांगावे. पाठीमागून येऊ नये हा त्यांचा जुना नियम आता शुश्रूषा करणाऱ्यांनीही पाळलेला बरा.

मदत हवी असल्यास शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा सैन्यदलांसाठी वेगळा कक्षही २०२३ मध्ये सुरू झाला. माजी सैनिकांसाठीच्या अंशदायी आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड असेल तर त्या योजनेच्या दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय होते.

---

माणदेशी

मी फौजीची पत्नी आहे, म्हणून मुलांच्या आईच्या बाजूने लिहिते. वसनाकाठ ताई, आपण लिहिले आहे की आईला कळत होते की नाही, ठाऊक नाही. मला वाटते तिला कळत होते. तिच्यापुढे दोन कामे होती, मुलांना वडिलांपासून सांभाळायचे आणि वडिलांना मुलांच्या नजरेतून उतरू द्यायचे नाही, आणि ही दोन्ही कामे एकाच तोंडाने करायची असल्यामुळे तिने ‘ते सांगतात तसे वागा’ एवढेच वाक्य निवडले असावे. मीही तेच केले आहे.

माझे यजमान राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरमधल्या कुपवाड्याला होते. आमच्या काळी मोबाइल आला होता आणि लोकांना वाटते त्यामुळे सोपे झाले. काही बाबतींत झालेही. पण पत्र यायचे तेव्हा ते आले म्हणजे माणूस ठीक आहे असे धरून महिनाभर श्वास घेता येई. फोन रोज रात्री नऊला यायचा आणि नऊ वाजून गेले की मुलांचे लक्ष अभ्यासातून उडे. रेंज नाही, गस्त आहे, बॅटरी संपली, अशी शंभर कारणे मी त्यांना सांगत असे. थोरल्या मुलीला ती माझ्या चेहऱ्यावरून खोटी वाटत, हे तिने मला पुष्कळ पुढे सांगितले.

खरी कसोटी मात्र ते कायमचे घरी आले तेव्हा लागली, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. जवानाला पंधरा वर्षे पुरी झाली की पेन्शन लागते, आणि पुष्कळ जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. म्हणजे मुले नेमकी आठवी-दहावीत असतात. तोवर वर्षातून साठ दिवसांची सुट्टी आणि मिळाली तर महिनाभराची किरकोळ रजा, एवढाच त्यांचा आणि वडिलांचा सहवास. सुट्टीवरचा बाप हा पाहुणा असतो. तो खाऊ आणतो, रागावत नाही, आणि जाताना सगळे रडतात. तोच माणूस काळी ट्रंक घेऊन कायमचा आला, पहाटे पाचला सर्वांना उठवू लागला, कपाटातल्या घड्या तपासू लागला, म्हणजे मुलांना तो परका वाटतो. इकडे त्याला वाटते की मी ज्यांच्यासाठी तिकडे बर्फात उभा राहिलो, त्यांना माझी गरजच उरली नाही. शाळेच्या कागदांवर सही मी करत होते, सोसायटीचे कर्ज मी फेडले होते, विहिरीची मोटर कुठल्या दुकानात दुरुस्त होते हे मला ठाऊक होते. त्यांच्या हाती सुरुवातीला काहीच नव्हते. शहरात सुरक्षारक्षकाची नोकरी लागेपर्यंतचा तो काळ कॅन्टीनच्या रमवर गेला, आणि पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहूनच ती सुटली. केंद्रातल्या घरच्यांच्या सभेत माझ्या मुलाने वडिलांना पहिल्यांदा विचारले की तुम्ही तिकडे करत काय होता, आणि त्यांनी सांगितले. बर्फात रात्रभर दबा धरून बसणे म्हणजे काय, एवढेच सांगितले. मुलाने त्यानंतर पहाटे पाचला उठायला कुरकुर केली नाही असे मी म्हणणार नाही, पण त्याची कुरकुर नेहमीच्या मुलांसारखी झाली.

आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यातच शहीद झाले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लहान मुलांची आई असताना प्रशिक्षण पुरे करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे, आणि अशा घरांची लोकांनी विचारपूस केलीच पाहिजे. पण ज्या घरचा माणूस धडधाकट परत आला, त्या घरी कोणी विचारायला येत नाही, कारण सर्वांच्या मते तिथे आनंदीआनंद असतो. वीरमरण आलेल्या जवानाच्या घरी निदान सांत्वनाला माणसे असतात. आमच्यासारख्या बायका आपले दुःख बोलल्या तर, नवरा जिवंत आला हे काय कमी आहे, असे ऐकून घेतात, आणि ते खरेच असल्यामुळे गप्प बसतात.

म्हणून माझी विनंती अशी की, आण्णांना विचारण्यापूर्वी आईला विचारा, जर त्या असतील तर.

---

जुना मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, आणि आमच्या भागातील निम्म्या मुलांचे वडील फौजेत असत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाबद्दल सर्वांना माहिती आहेच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने तिथे स्मृतिस्तंभ उभारला. त्या काळात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांच्यापैकी कित्येक जण तुर्कांचे कैदी झाले. कामी आलेल्यांची संख्या दगडावर कोरली गेली, ते योग्यच झाले. कैदेतून जे परत आले, ते आपल्या मुलांशी कसे वागले, रात्री झोपत होते का, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही. शांतिसेनेच्या पिढीचे तसे होऊ नये, असे मला तळमळीने वाटते.

शिक्षकांना एक सांगतो. वडिलांची बदली फील्डला, म्हणजे सीमेवर किंवा अशांत भागात, झाली की काही मुलांचे अक्षर बदलते, काही एकदम फार शहाण्यासारखी वागू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे आपले लक्ष जात नाही, कारण ती त्रास देत नाहीत. घरातला कर्ता पुरुष होण्याचा प्रयत्न करणारे नऊ वर्षांचे पोर वर्गात ओळखता आले पाहिजे. आणि १५ ऑगस्टला केवळ जिंकलेल्या लढायांतले सैनिक व्यासपीठावर बसवू नयेत. हुकूम कोणता द्यायचा हे सैनिक ठरवत नाही. तो ज्या लढाईत पाठवला गेला तिचा निकाल त्याच्या मुलाने शाळेत का भोगावा?

---

वसनाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

माणदेशी ताई, आई आहे. आपले वाचून मी तिला फोन केला आणि आण्णा झोपलेले असताना आम्ही बराच वेळ बोललो. तिला आण्णांच्या एका सोबत्याकडून बरेच ठाऊक होते. आण्णांच्या पुढे चालणारा जवान सुरुंगावर पडला होता, हे तिला त्याच वर्षी कळले होते. तिने ते आम्हाला का सांगितले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही गावात बोलला असता, आणि मग त्यांना लोकांनी विचारलं असतं.’ त्यांना कोणी विचारू नये म्हणून तिने आमचा राग स्वतःवर आणि त्यांच्यावर ओढवून घेतला. यावर मला काय वाटते, हे मला अजून नीट मांडता येत नाही.

भावाला मी सध्या एवढेच कळवले आहे की जाफन्यात साध्या वस्तूंना स्फोटके जोडलेली असत. तो लगेच काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने भाच्याला घेऊन रविवारी गावी येतो असे कळवले. शिरोळकरांचा आणि समुपदेशक ताईंचा सल्ला वेगवेगळा असला तरी मी असे ठरवले आहे की आण्णांना लढाईविषयी काही विचारायचे नाही, पण भाच्याला आईकडून सर्व ऐकू द्यायचे. भरतीचा निर्णय त्याचा आणि त्याच्या आईवडिलांचा आहे.

समुपदेशक ताई, आपल्याला एक विचारते. आण्णांना आम्ही अजून कोणत्याच डॉक्टरांना दाखवलेले नाही. ‘वयोमानाने होतेच’ असे सगळे म्हणतात. अलीकडे तर जेवताना कोणी बोलले तरी ते उत्तर देत नाहीत. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे का?

---

समुपदेशक पुणे

आधी फिजिशियनकडे न्या. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार करता येतात. रक्ताच्या साध्या तपासण्यांतून यांतल्या काही गोष्टी कळतात.

दुसरे म्हणजे कानांची तपासणी अवश्य करून घ्या. वर्षानुवर्षे गोळीबार आणि स्फोट यांच्या जवळ राहिलेल्या सैनिकांचे ऐकणे कमी झालेले असते, विशेषतः बारीक आवाज आणि एकाच वेळी अनेक जण बोलत असतानाचे बोलणे त्यांना लागत नाही. जेवताना उत्तर न देणे हे त्यामुळेही असू शकते, आणि पाठीमागून आलेल्या माणसाची चाहूल न लागल्याने दचकणे अधिक वाढते. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे वडिलांच्या अबोल्याचा बराच भाग श्रवणयंत्र लावल्यावर कमी झाला. ऐकू न येणे दीर्घकाळ तसेच राहिले तर विस्मरणाचा धोकाही वाढतो.

जाताना त्यांचे डिस्चार्ज बुक आणि आरोग्य योजनेचे कार्ड बरोबर ठेवा. कार्ड काढलेले नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. कोणती कागदपत्रे लागतील ते तिथे सांगतात. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ते श्रीलंकेत लढले आहेत हे सांगा, आणि शक्यतो आण्णांसमोर न सांगता एका चिठ्ठीवर लिहून द्या. मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे का, हे त्या तपासण्यांचे निकाल आल्यावर ठरवू. निकाल आले की इथेच कळवा.